ओझेलाचा कच्चा आवाज

ओझेलाच्या मयताला व्हर्डेल रडला नाही, आणि ते सगळ्या माउंट नेबो चर्चनं पाहिलं.

तिथं मयताला रडणं म्हणजे रुमालाच्या कोपऱ्यानं डोळे टिपणं नव्हे. बायका उभ्याच्या उभ्या कोसळतात, धटिंगण पुरुष पेटीला मिठी मारून बसतात, पाळकबुवांना प्रवचन मध्येच थांबवावं लागतं. म्हणून पांढऱ्या पोशाखातल्या नर्सबाया बाकांच्या कडेला सज्ज असतात, हातात पुठ्ठ्याचा पंखा आणि खिशात घडी केलेले रुमाल. नवऱ्याच्या वाट्याला त्यातली सगळ्यात दणकट बाई देतात, कारण गडी कोसळला तर सावरायला हवा. व्हर्डेलच्या शेजारी सिस्टर पर्लीन उभी केली होती. ती बिचारी प्रवचन सुरू झाल्यापासून हात पुढं करून तयारीत होती आणि हा सरळ पेटीकडं बघत बसलेला. बसची वाट बघणारा माणूस बसतो तसा. शेवटी पर्लीन कंटाळली आणि मागच्या बाकावर ओझेलाच्या मावशीला वारा घालायला निघून गेली.

"गाण्यात बरा रडतो मेला," मावशी नंतर जेवणाच्या पंगतीत म्हणाली, मुद्दाम त्याला ऐकू जाईल अशी. "रेडिओवर याचं रडणं ऐकून बाया चुलीवरचं विसरतात. आणि इथं बायको पेटीत, तर डोळ्याला पाण्याचा टिपूस नाही."

व्हर्डेलला राग यायला हवा होता. आला नाही. पुढ्यात तळलेली कोंबडी होती, कोलार्डची भाजी, मक्याचा पाव. तो सगळं खात होता. कुणीतरी आणखी वाढलं, तर तेही त्यानं खाल्लं. चव कशालाच नव्हती.

व्हर्डेल पिकन्स म्हणजे काही कालचं पोरगं नव्हतं. उत्तर अलाबामात नदीकाठी कापसाच्या शेतांत वाढलेला, चर्चमध्ये चौघांनी मिळून गायच्या चौकडीत गायला शिकलेला. पुढं चर्च सोडून नाचघरांत, रस्त्याकडेच्या गुत्त्यांत गायला लागला तेव्हा बापानं बोलणं टाकलं. गाणी तो स्वतःची स्वतः रचायचा. त्यातलं एक असं चाललं की शिकागोपासून मोबीलपर्यंत लोक गुणगुणायला लागले. त्याच्यानंतरची चालली नाहीत. तरी रेकॉर्ड कंपनीनं त्याला ठेवला होता, वर्षाला दोन रेकॉर्डी काढत होती, आणि दर वेळी या खेपेला बघू, या खेपेला बघू असं चाललेलं होतं.

गाणी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर रचायचा. ओझेला चुलीपाशी. ती पाठमोरीच ऐकायची आणि पाठमोरीच बोलायची. "हा शब्द तुझा नाही, रेडिओवरचा आहे. काढ," असं म्हणायची, की हा वैतागायचा, बाहेर ओसरीत जाऊन सिगारेट ओढायचा आणि परत येऊन तो शब्द काढायचा. ओळ बरी जमली तर ती तोंडानं काही बोलायची नाही, ओळ संपल्यावर नुसतं गुणगुणायची. ते गुणगुणणं झालं की व्हर्डेल पुढच्या ओळीकडं जायचा. ओझेला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. एका सकाळी बिस्किटांचं पीठ मळता मळता डोकं धरून खाली बसली, ती परत उठलीच नाही.

तिचा आवाज व्हर्डेलपेक्षा चांगला होता. हे मी म्हणत नाही, व्हर्डेलच म्हणायचा. पण ती फक्त चर्चमध्ये गायची. तिच्या आईनं, मदर रीथानं, लहानपणीच तिच्याकडून तसा शब्द घेतला होता. माउंट नेबोच्या गायनवृंदात ती इतकी वर्षं उभी राहिली, पण तिथला तिचा आवाज कुणी कधी टेपवर घेतला नाही. घरच्या माणसाचा आवाज कुणी कशाला घेऊन ठेवील? तो रोज ऐकूच येत असतो.

जेवणं आटोपल्यावर मदर रीथानं व्हर्डेलला कोपऱ्यात बोलावलं. सगळी मंडळी तिला मदर म्हणायची, तोही म्हणायचा.

"मला तिचा आवाज हवाय," ती म्हणाली.

व्हर्डेलनं हातातली ताटली खाली ठेवली.

"गप्प काय बसतोस? वसंतात तिनं तुमच्या त्या स्टुडिओत गाणं म्हटलं होतं, मला ठाऊक आहे. त्याच रविवारी येऊन सांगून गेली. पोटात काही राहायचं नाही तिच्या. मी आठवडाभर बोलले नव्हते तिच्याशी. एक अख्खा आठवडा वाया घालवला मी. सैतानाचं गाणं असलं तरी चालेल आता. मला आणून दे."

"आणतो, मदर."

"विसरशील."

"नाही विसरणार."

ते गाणं व्हर्डेलचंच होतं. 'ताट झाकून ठेव' असं त्याचं नाव. दूरगावी कामाला गेलेला माणूस बायकोला म्हणतो, उशीर होईल, पण मी येतोय, ताट झाकून ठेव. वसंतात ते टेपवर घ्यायचं ठरलं त्या दिवशी नेमका व्हर्डेलचा घसा बसला. बाजावाले सगळे जमलेले, आणि गाणाऱ्याशिवाय त्यांना वाजवता येत नाही. कुठं थांबायचं, कुठं उचलायचं हे त्यांना आवाजावरूनच कळतं. म्हणून आधी कुणीतरी नुसतं कामापुरतं गाऊन घ्यायचं, त्याला कच्चा आवाज म्हणायचे. टेपवर आठच पट्ट्या, मोकळी एकही उरत नाही. ढोल एकीवर, गिटार एकीवर, ऑर्गन एकीवर, कच्चा आवाज एकीवर. पुढं केव्हातरी गाणारा येतो आणि त्याच पट्टीवर पक्कं गातो. पक्का आवाज चढत जातो तसा खालचा कच्चा पुसत जातो. यात विचारण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. कच्चा असतोच पुसण्यासाठी.

त्या दिवशी व्हर्डेलला घरी न्यायला ओझेला आली होती. "मी म्हणते," ती म्हणाली. खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता माइकसमोर उभी राहिली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत एका दमात म्हणून मोकळी झाली. बाजावाले गोरे पोरगे वाजवायचं संपलं तरी बाजे हातात धरून तिच्याकडं बघत राहिले. मग ती म्हणाली, "चला, मला कोंबडी भिजवायचीय."

आणि आता जगात ओझेलाचा आवाज होता तो तेवढाच.

उन्हाळा सरत आला तरी व्हर्डेल स्टुडिओत गेला नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरला. तिचा आवाज कानावर पडला तर आपलं काय होईल, याची त्याला भीती होती. तशी ती भीतीसुद्धा लांबची वाटायची, शेजारच्या घरात कुणी खोकावं तशी. तो झोपायचा पुष्कळ. उठायचा, शेजारणींनी आणून ठेवलेलं खायचा, भांडी धुवायचा आणि परत झोपायचा. मदर रीथाचे निरोप येत होते. मग कंपनीचाही आला: हे गाणं आता पुरं कर, नाहीतर तुझं आमचं संपलं.

तेव्हा कुठं तो गेला.

स्टुडिओ म्हणजे जुनं शवपेट्यांचं कोठार. टेपयंत्रावर ड्वाइट हॅस्क्यू. गोरा, काटकुळा, सिगारेटीच्या धुरात वाळलेला माणूस. व्हर्डेलची सगळी गाणी यानंच टेपवर घेतलेली. त्यानं दारातच व्हर्डेलचा हात दोन्ही हातांत धरला.

"जेवतोस का नीट?"

"जेवतो."

"झोप?"

"पुष्कळ."

ड्वाइटनं त्याला आत नेलं. काचेपलीकडच्या खोलीत न्यूयॉर्कहून आलेला कंपनीचा साहेब बसला होता, मिस्टर स्टोल्ट्झ. त्यानं उठून रीतसर दोन शब्द सांत्वनाचे काढले आणि घड्याळ पाहिलं.

व्हर्डेल माइकसमोर उभा राहिला आणि त्यानं हेडफोन कानांवर चढवले. "आधी एकदा नुसतं ऐकतो," तो म्हणाला.

टेप फिरली. ऑर्गन आला, ढोल आला, आणि ओझेला आली.

आवाज तिचाच. अगदी कानाशी, चुलीपासून टेबल जितकं लांब तेवढाही लांब नाही. व्हर्डेल वाट बघत राहिला. आता छातीत काहीतरी फुटेल, गुडघे जातील. काही झालं नाही. त्याच्या मनात आलं ते एवढंच, की दुसऱ्या ओळीला ही थोडी घाई करते. मग ओळीच्या शेवटी तिचं ते गुणगुणणं आलं आणि त्याला वाटलं, माइक जरा मागं हवा होता. गाणं संपलं. त्यानं कपाळाला हात लावून पाहिला, घामसुद्धा आला नव्हता. मावशी म्हणाली ते खरंच असावं, आपण आतून मेलेलेच आहोत, असं त्याला वाटलं. वाटलं म्हणजे नुसतं कळलं.

कानात ड्वाइट म्हणाला, "कच्च्यावरच घेऊ ना?"

"घे," व्हर्डेल म्हणाला.

दर गाण्याला दर वेळी ड्वाइटनं हेच विचारलं होतं आणि दर वेळी व्हर्डेलनं हेच उत्तर दिलं होतं. लाल दिवा लागला.

तो गायला लागला. आणि गंमत बघा, गळा असा लागला की तसा आयुष्यात कधी लागला नव्हता. रडू नाही, आर्जव नाही, काही नाही. सपाट, कोरड्या आवाजात तो बायकोला ताट झाकून ठेवायला सांगत होता, आणि ते ऐकून काचेपलीकडं साहेबाच्या हातातला पेला हातातच राहिला. ड्वाइटनं मान खाली घातली. पहिलं कडवं झालं. धृपद झालं.

दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ संपली आणि व्हर्डेल थांबला. घरी टेबलाशी ओळीनंतर तो नेहमीच थांबायचा, तिच्या गुणगुणण्यासाठी; आतापर्यंत गाण्याच्या ओघात थांबायचं राहून गेलं होतं. कानात नुसता ऑर्गन होता. त्याला वाटलं हेडफोनची तार सैल झाली. पुढची ओळ म्हटली, परत थांबला. ऑर्गन. इतकी वर्षं खाली त्याचाच कच्चा आवाज असायचा. तो पुसला जाताना वरून गाणाराही तोच, त्यामुळं खाली काही नाहीसं होतंय हे त्याला कधी ऐकूच आलं नव्हतं. आज आलं.

चालू ओळ अर्धीच सोडून तो माइकपासून बाजूला झाला आणि पुटपुटला, "ड्वाइट, बंद कर."

ड्वाइटची मान खालीच. वर पाहिलं ते साहेबानं, आणि त्यानं अंगठा दाखवला: छान, चालू दे. व्हर्डेलनं दोन्ही हात हलवले. मग तो तसाच धावला, हेडफोनच्या तारेनं माइक आडवा पडला, आणि त्यानं काचेवर धाडकन हात मारला. तेव्हा टेप थांबली.

"काय झालं?" ड्वाइट दारात आला. "अरे, सोन्यासारखं चाललं होतं."

"ओझेला," व्हर्डेल म्हणाला.

ड्वाइटनं वळून यंत्राकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. तो खुर्चीवर बसला नाही, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"तू बोलला का नाहीस?" तो हळूच म्हणाला. "प्रत काढून ठेवली असती मी. गाणं वाजायला लागतो तेवढाच वेळ लागतो रे. काल काढली असती. वसंतातच काढली असती."

"तू विचारलं का नाहीस?"

"विचारलं मी. तू घे म्हणालास."

हे खरंच होतं. दोघंही खरंच बोलत होते. जन्म या धंद्यात गेलेली दोन माणसं, एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाहेरचं कुणी दार पुसायला आलेलं असतं तर त्यानं विचारलं असतं, की अहो, या बाईंचा आवाज कुठं ठेवताय?

"उरलंय ते वाजव," व्हर्डेल म्हणाला.

टेप फिरली. व्हर्डेलचं कडवं, व्हर्डेलचं धृपद, पुढच्या अडीच ओळी. मग नुसते बाजे. त्यांत त्याची पावलं, माइक पडल्याचा दणका, काचेवरचा धक्का. आणि मग एका शब्दाच्या मधोमध ओझेला आली आणि शेवटपर्यंत गात राहिली.

साहेब तसा दुष्ट माणूस नव्हता. तो खाकरला. "हे बघ, उरलेल्याची आता प्रत काढू. ती तुझ्याजवळ ठेव. मग शांतपणे पुढचं गा. तू पहिलं कडवं जे गायलास ना, तसं मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही."

"या टेपवर मी नाही गाणार."

"असं अर्धं गाणं विकायचं कुणाला? मला परत जाऊन काय सांगू? कंपनीवाले तुला ठेवायचे नाहीत, व्हर्डेल."

"बरं," व्हर्डेल म्हणाला. मग ड्वाइटला म्हणाला, "या टेपवरून एक तबकडी कापून दे. मदरकडं तबकड्यांचंच यंत्र आहे."

तबकडी मांडीवर ठेवून तो गाडीत बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला काही वाटत होतं आणि ती होती भीती. ही मात्र शेजारच्या घरातली नव्हती. म्हातारीला काय सांगायचं? वाटेत, कापसाच्या शेतांमधून जाताना, त्यानं ठरवून टाकलं. पहिलं कडवं मी म्हटलं आणि दुसरं तिनं, तसंच ठरलं होतं, असं सांगायचं. तिला कसं कळणार? आणि खोटं बोलून कुणाचं नुकसान होणार होतं?

मदर रीथा ओसरीत वाटाणे सोलत बसली होती. त्याच्या हातात तबकडी पाहिली, तशी ती आत गेली. हात धुतले, एप्रन काढला आणि रविवारची निळी टोपी डोक्यावर घालून खुर्चीत ताठ बसली. यंत्रावर एका पाळकाच्या प्रवचनाची तबकडी होती, ती व्हर्डेलनं काढली आणि ही लावली.

"हा तूच," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"हो."

"ती कुठाय?"

"येईल."

बाजे, पावलं, धक्का. आणि ओझेला आली. म्हातारीनं डोळे मिटले. तिचा हात गुडघ्यावर ताल धरायला लागला, सैतानाच्या गाण्याला. शेवटच्या ओळीनंतरचं गुणगुणणं संपलं, सुई नुसतीच खरखरत राहिली, तरी तिनं डोळे उघडले नाहीत.

"निम्मंच?" तिनं विचारलं. "मला तर सांगत होती, सगळं म्हटलं म्हणून."

व्हर्डेलनं तोंड उघडलं. ठरवलेलं सगळं तयार होतं. समोर ती निळी टोपी होती. म्हातारीनं घाईत ती थोडी वाकडी घातली होती.

"सगळंच म्हटलं होतं," तो म्हणाला. "पहिलं मी पुसलं. तिच्यावर गायलो."

"मुद्दाम?"

"नाही. सवयीनं."

"सवयीनं." मदर रीथानं डोळे उघडले. "संसारही सवयीनंच केलास वाटतं. मयताला तुझ्याकडं बघत होते मी. बहिणीला म्हटलं, या माणसाचा जीव नव्हता माझ्या पोरीवर."

"मला काही वाटतच नव्हतं, मदर." त्याचा आवाज आता ताब्यात नव्हता. "तुम्ही पेटी झाकलीत तेव्हा नाही, मातीत ठेवलीत तेव्हा नाही. आज ती कानाशी गात होती, तरी नाही. माझ्या मनात आलं, दुसऱ्या ओळीला घाई करते. तुम्हीच सांगा, असा कसा माणूस? आणि मग ती कानातून गेली... ती गेली, मदर. मी गात होतो आणि ती जात होती."

तो यंत्राशेजारी जमिनीवरच बसला. एवढा मोठा गडी, त्याला हुंदका कसा द्यायचा तेही येत नव्हतं. नाचघरांत बायांना वेड लावणारं ते रडणं कुठल्या कुठं राहिलं. हे ओबडधोबड होतं, खोकल्यासारखं. मदर रीथा जागची हलली नाही. त्याचं होऊ दिलं.

मग म्हणाली, "परत लाव."

त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि सुई उचलून मधोमध, ओझेला येते तिथं, न्यायला लागला.

"तिथून नको. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून मी आहे, मदर."

"कळतंय मला. लाव."

त्यानं लावली. म्हातारी खुर्चीतून पुढं झुकली, टोपीसकट कान यंत्राला लावला. व्हर्डेलचा कोरडा आवाज खोलीत गात राहिला. पहिल्या कडव्याच्या मध्येच कुठंतरी तिनं बोट वर केलं.

"ही बघ. इथं आहे."

तिथं नुसता ऑर्गन होता. ओझेलानं त्या जागी काही म्हटलंही नव्हतं, तिथं तिनं श्वास घेतला होता.

"पुसलं गेलंय ते, मदर."

"गप्प बस. तुझ्या आवाजाखाली आहे ती. माझ्या लेकीचा आवाज तू मला सांगणार?" तिनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला यंत्राजवळ ओढलं. "नीट ऐक. आलं ऐकू?"

व्हर्डेलनं तिच्या कानाशेजारी आपला कान नेला. त्याला त्याचा स्वतःचा आवाज ऐकू येत होता, दुसरं काहीच नाही.

"आलं," तो म्हणाला.

"मग," मदर रीथा म्हणाली. "लाव परत."

त्यानं सुई उचलली आणि पहिल्यापासून लावली.